गुळाचा रंग मोजण्यासाठी कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे आटोपले असून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या गुळाची आवक वाढू लागली आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, दर आजही चव, कडकपणा आणि सर्वांत आधी रंग पाहूनच ठरतो. तोच रवा गोदामाच्या आत, शटरच्या तोंडाशी आणि उघड्यावर ठेवला, तर तो वेगवेगळ्या प्रतींचा वाटतो. एका अडत्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "सर, रंग बघायचा तर शटरच्या बाहेर या. आतल्या बल्बाखाली सगळाच गूळ पिवळा दिसतोय."

गुळाचे द्रावण करून, ते गाळून त्यातून आरपार जाणारा प्रकाश मोजणे ही प्रयोगशाळेतील रूढ पद्धत आहे; साखर उद्योगात असे मापन ४२० नॅनोमीटरवर केले जाते. ही पद्धत भरवशाची आहे, परंतु गूळ विरघळला की रव्याचा पोत, त्यातले स्फटिक, मळीचे डाग आणि कडेचा काळपटपणा हे सारे नाहीसे होते. खरेदीदार मात्र नेमके तेच पाहत असतो. म्हणून रव्याच्या पृष्ठभागाचा रंग छायाचित्रावरून मोजावा, आणि हे मापन आज, चार महिन्यांनी किंवा दुसऱ्या खोलीत केले तरी तेच उत्तर यावे, असा या प्रकल्पाचा हेतू आहे.

यामागे एक कळकळ आहे. हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारे रसायन) टाकली की गूळ उजळतो आणि बाजारात उठून दिसतो; केवळ भेंडीच्या रसाने मळी काढून केलेला गूळ थोडा गडद राहतो आणि त्याला अनेकदा कमी दर मिळतो. ऊस को ८६०३२ जातीचा आहे की को ९२००५ जातीचा, चुना किती पडला, काहील किती तापली, या प्रत्येक गोष्टीचा रंगावर परिणाम होतो. हा परिणाम किती आणि कोणत्या दिशेने होतो, हे आकड्यात मांडता आले, तर गडद गूळ म्हणजे कमअस्सल गूळ हा समज तपासून पाहता येईल.

मापनाची भाषा म्हणून सीआयई या प्रकाश व रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९७६ ची एल-ए-बी पद्धत घेतली आहे. यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालाकडे आणि बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारे मूल्य. दोन रंगांतील फरक सीआयईडीई २००० या सूत्राने काढायचा आणि गुळाच्या रंगपट्ट्यात तो सरासरीने दीडच्या आत आणायचा, असे उद्दिष्ट ठरवले आहे.

१५ नोव्हेंबर २०२४

कॅमेरा कायम रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरचे आकडे संस्कार न करता, चित्रे साठवील, हे आज निश्चित केले. जेपेग चित्रात कॅमेऱ्याने कॉन्ट्रास्टची वक्ररेषा लावलेली असते, रंगांची तीव्रता वाढवलेली असते आणि पांढऱ्याचा समतोल दृश्य पाहून स्वतःच ठरवलेला असतो. हे सारे संस्कार छायाचित्र सुंदर दिसण्यासाठी असतात आणि मापनासाठी ते सगळेच अडचणीचे ठरतात. पिवळसर गुळाने भरलेली चौकट दिसली की स्वयंचलित समतोल तो पिवळेपणा दिव्याचा समजून कमी करतो. म्हणजे जे मोजायचे तेच पुसले जाते.

रॉ फाइलमधील आकडे १४ बिटांचे आहेत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला शून्य ते १६३८३ यांमधील मूल्य मिळते. यातून आधी काळ्याची पातळी वजा करावी लागते, कारण झाकण लावून घेतलेल्या चित्रातही सेन्सर शून्य दाखवत नाही. ही पातळी आम्ही वापरायच्या आयएसओवर (संवेदनशीलतेच्या पातळीवर) आणि वापरायच्या शटर-वेळेलाच झाकणबंद चित्रे घेऊन काढली. ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील जाळीप्रमाणे सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेलवर एकच रंगगाळणी असते आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. आम्हाला बारीक तपशील नको असल्यामुळे हा अंदाज टाळला : दोन बाय दोनच्या प्रत्येक चौकटीतील लाल, निळा आणि दोन हिरव्यांची सरासरी यांचा मिळून एक बिंदू मानला.

१९ नोव्हेंबर २०२४

आजचा पूर्ण दिवस सेन्सरची रेषीयता तपासण्यात गेला. प्रकाश दुप्पट झाला तर आकडाही दुप्पट व्हायला हवा, एवढाच प्रश्न आहे. परंतु पुढची सगळी गणिते त्यावर उभी असल्याने त्याला वेळ देणे भाग होते. एकच राखाडी चौकोन समोर ठेवून शटरची वेळ बदलत चित्रे घेतली आणि आकडे आलेखावर मांडले.

शटरच्या डायलवर लिहिलेली वेळ ही सोयीसाठी पूर्णांकात आणलेली असते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. प्रत्येक पायरी खरोखर दुप्पट व्हावी म्हणून १/१५ म्हणून लिहिलेली वेळ प्रत्यक्षात १/१६ सेकंद असते, १/३० म्हणजे १/३२, १/६० म्हणजे १/६४ आणि १/१२५ म्हणजे १/१२८. डायलवरचे आकडे तसेच घेतले तर उत्तम सेन्सरही वाकडा दिसतो. खऱ्या वेळा घातल्या की बिंदू सरळ रेषेवर येतात. आमच्या कॅमेऱ्याची रेषा वरच्या टोकाच्या थोडी अलीकडेपर्यंत सरळ आहे. तरीही लाल, हिरव्या, निळ्या यांपैकी कोणत्याही वाहिनीचे मूल्य कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचे नाही, असा नियम केला. पांढऱ्या चौकोनात हिरवी वाहिनी सर्वांत आधी भरते, म्हणून एक्स्पोजर तिच्याकडे पाहून ठरवायचे.

जिन्याखालच्या खोलीतील नेहमीच्या एलईडी दिव्यांखाली घेतलेल्या चित्रांत आडवे पट्टे दिसले. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरची वेळ १० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवली तर पट्टे जातात, पण तेवढ्याने भागवण्यापेक्षा स्थिर डीसी करंट देणाऱ्या ड्रायव्हरवर चालणारे दिवे घेणे योग्य वाटले.

२५ नोव्हेंबर २०२४

प्रकाशयोजना पूर्ण झाली. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे आणि वरून सरळ खाली पाहणारा कॅमेरा, अशी रंगमापनातील प्रमाण रचना आहे. ताज्या कापलेल्या गुळाला एक ओलसर चमक असते. दिवा आणि कॅमेरा यांच्यात हा कोन राखला की चमकेचे परावर्तन समोरच्या भिंतीकडे जाते आणि लेन्समध्ये शिरत नाही. पेटीच्या आतल्या सर्व बाजूंना काळे मखमली कापड लावले आहे.

दिव्यांच्या निवडीवर बराच विचार झाला. हॅलोजनचा वर्णपट सलग आणि गुळगुळीत असतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यात निळा प्रकाश कमी असतो. गूळ नेमका निळा प्रकाशच शोषून घेतो. दिव्यात निळे थोडे आणि नमुन्यातून परत येणारे त्याहून थोडे, अशा स्थितीत निळ्या वाहिनीच्या हाती फारसे काही लागत नाही. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, त्यानंतर ४८० जवळ खड्डा आणि पुढे पिवळ्या-लालाची रुंद टेकडी. हा वर्णपट आदर्श नाही, पण निळ्याचा पुरवठा भरपूर आहे. सुमारे ५६०० केल्व्हिनचे, उच्च सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेले, छायाचित्रणासाठीचे दिवे घेतले. सीआरआयचा नेहमी छापला जाणारा आकडा फिकट छटांच्या आठ नमुन्यांवरच काढलेला असतो आणि गडद लालाचा त्यात समावेश नसतो. गुळात तांबूस छटा महत्त्वाची असल्याने लालासाठीचा नववा आकडाही पाहून निवड केली.

दिवे लावल्यावर ते तापेपर्यंत उजेड हळूहळू उतरत जातो. पहिल्या अर्ध्या तासात पांढऱ्या चौकोनाचे आकडे स्पष्टपणे घसरतात आणि मग स्थिरावतात, म्हणून तेवढा वेळ थांबल्याशिवाय मापन करायचे नाही.

२ डिसेंबर २०२४

पांढऱ्याचा संदर्भ कशाचा घ्यावा, हा आजचा विषय होता. रंगतक्त्यातील पांढऱ्या चौकोनाचा उजळपणा ९६ च्या आसपास असतो, म्हणजे तो सुमारे ९० टक्के प्रकाश परत करतो. दाबून बसवलेल्या पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, भुकटीचे परावर्तन सगळ्या दृश्य तरंगलांबींवर जवळपास सारखे आणि ९८ ते ९९ टक्के असते, म्हणूनच महागड्या संदर्भ-तबकड्या त्याच पदार्थाच्या असतात. तशी तबकडी आमच्याकडे नाही. नळजोडणीला प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप त्याच पदार्थाची असते. तिचे पुष्कळ थर एकावर एक, आलटून पालटून आडवे-उभे, काही मिलिमीटर जाडी होईपर्यंत घट्ट गुंडाळले आणि वर काच न ठेवता सपाट दाबले. इचलकरंजीतील एका कापड प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेने त्यांचा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रत्येक तरंगलांबीचे परावर्तन मोजणारे यंत्र) वापरू दिला, त्यावर या टेपचा वक्र ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत जवळजवळ सपाट आला. रोजच्या कामाला ही तबकडी पुरेशी आहे. ती मळली की वरचा थर सोलून टाकता येतो, हा वेगळाच फायदा.

कापडाच्या रंगजुळणीत डी ६५ प्रकाश आणि १० अंशांचा निरीक्षक (सीआयईने ठरवलेली प्रमाण मानवी नजर) ही जोडी रूढ आहे. डी ६५ म्हणजे ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा दिवसाचा उजेड. शटरबाहेर येऊन रव्याकडे पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या नजरेला तोच जवळचा. आम्हीही हीच जोडी धरली.

६ डिसेंबर २०२४

प्रत्येक चित्रात लेन्समुळे कडा अंधारतात. चौकटीच्या मध्यापासून २० अंश बाहेर असलेल्या बिंदूवर, केवळ कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने, उजेड मध्याच्या ७८ टक्केच उरतो, आणि त्यात दिव्यांचा असमानपणा मिळतो. यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या जागी एकसारखा पांढरा कागद ठेवून चित्र घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक चित्राला त्याने भागायचे. कागद किंचित फिरवून चार चित्रे घेतली आणि त्यांची सरासरी केली, म्हणजे कागदाचा स्वतःचा पोत निघून जातो.

या भागाकाराला एक अट आहे, आणि ती गुळाच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे : कागदाची आणि नमुन्याची पातळी एकच हवी. दिवा ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशांत आहे. नमुन्याचा पृष्ठभाग २ सेंटिमीटर वर आला तर तो दिव्याच्या सुमारे १.४ सेंटिमीटर जवळ जातो आणि त्यावरील उजेड, किरणांचा वाढलेला तिरकेपणा धरूनही, सुमारे २.७ टक्क्यांनी वाढतो. ज्या गुळाचा उजळपणा ६० आहे, तो एवढ्याने ६०.७ दिसू लागतो. केवळ ढेपेच्या जाडीने आमचे जवळपास अर्धे उद्दिष्ट खर्ची पडते. म्हणून नमुना स्क्रूने वरखाली होणाऱ्या टेकूवर ठेवायचा आणि त्याचा माथा पेटीला लावलेल्या ताणलेल्या दोऱ्याला टेकेपर्यंत उचलायचा. दोरा काळा आहे आणि चित्र घेण्यापूर्वी काढता येतो.

१२ डिसेंबर २०२४

२४ चौकोनांचा रंगतक्ता आज पूर्ण मोजला. हा तक्ता १९७६ मध्ये मॅकॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी मांडला आणि आजही जगभर वापरात आहे. मानवी त्वचा, पर्णराजी, आकाश यांच्या जवळचे रंग त्यात मुद्दाम घेतलेले आहेत. त्याच्या छापील संदर्भमूल्यांवर विसंबू नये, असे आमचे मत झाले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उत्पादकाने रंगांची घडण बदलली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या तक्त्यांची मूल्ये वेगळी आहेत, आणि इंटरनेटवर दोन्ही सरमिसळ होऊन फिरतात. शिवाय ती मूल्ये डी ५० (५००० केल्व्हिनच्या आसपासच्या) प्रकाशासाठीची असतात आणि प्रत्येक तक्ता वापराने, बोटांच्या तेलाने व उजेडाने स्वतःचा वेगळा होत जातो. आम्ही प्रत्येक चौकोनाचे परावर्तन दर १० नॅनोमीटरला, म्हणजे ४०० ते ७०० मध्ये ३१ ठिकाणी मोजून ठेवले आहे. वक्र हाती असला की कोणत्याही प्रकाशासाठी आणि कोणत्याही निरीक्षकासाठी मूल्ये पुन्हा काढता येतात. तयार एल-ए-बी आकड्यांवरून ते करता येत नाही.

१७ डिसेंबर २०२४

कॅमेऱ्याच्या तीन वाहिन्यांवरून सीआयईच्या एक्स-वाय-झेड मूल्यांकडे (ज्यांवरून एल-ए-बी काढतात) नेणारे ३×३ मॅट्रिक्स, म्हणजे नऊ गुणकांची चौकट, आज लघुतम वर्ग पद्धतीने काढले. तक्त्यावरील सरासरी फरक दोनच्या आसपास आला आणि सर्वांत मोठे फरक निळ्या, जांभळ्या व निळसर हिरव्या चौकोनांत आले.

हे फरक उरणारच होते. कॅमेऱ्याच्या गाळण्यांचे वक्र हे मानवी डोळ्याच्या वक्रांचे रेषीय मिश्रण असतील तरच असे मॅट्रिक्स बिनचूक ठरते. ही अट रॉबर्ट लूथर यांनी १९२७ मध्ये मांडली आणि विक्रीला असलेला कोणताही सामान्य कॅमेरा ती पूर्णपणे पाळत नाही. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात आणि कॅमेऱ्याला सारखे दिसणारे दोन रंग डोळ्याला वेगळे. एकदा दोन वेगळे वर्णपट कॅमेऱ्यात एकाच आकड्यावर आले, की मागाहून कोणतेही गणित त्यांना वेगळे करू शकत नाही.

दुसऱ्या घाताची बहुपदी वापरली तर तक्त्यावरील फरक लगेच कमी होतो, परंतु तिला उजेडाची पातळी बदललेली चालत नाही : तोच नमुना निम्म्या एक्स्पोजरवर घेतला की त्याची रंगछटाच सरकते, कारण वर्गाची पदे निम्मी न होता पाव होतात. फिनलेसन, मॅकिविच आणि हर्लबर्ट यांनी २०१५ मध्ये सुचवलेल्या मूळ-बहुपदीत गुणाकाराच्या पदांचे वर्गमूळ घेतलेले असते, त्यामुळे ती एक्स्पोजर बदलले तरी स्थिर राहते. तीन वाहिन्यांसाठी तिची दुसऱ्या घातापर्यंत सहाच पदे होतात. दोन्ही पद्धती, प्रत्येक वेळी एक चौकोन बाजूला ठेवून आणि उरलेल्यांवर गणित बसवून, तपासल्या. ज्या चौकोनांवर गणित बसवले त्यांच्यावरच ते पडताळणे म्हणजे स्वतःची पाठ थोपटणे आहे.

पण मुळात निळ्या-जांभळ्या चौकोनांची चिंता आम्ही का करावी? गूळ या रंगविश्वाच्या एका लहानशा कोपऱ्यात राहतो. फिकट सोनेरीपासून तांबूस तपकिरीपर्यंतच्या त्या पट्ट्यात तक्त्याचे जेमतेम चार-पाच चौकोन येतात, आणि तेथे कॅमेरा किती अचूक आहे हे तक्त्याची सरासरी सांगत नाही.

२३ डिसेंबर २०२४

तपकिरी रंगांचे अधिक नमुने हवेत, हे ठरल्यावर पहिला विचार भिंतीच्या रंगांच्या शेड कार्डांचा आला. त्यांचे वक्र मोजून पाहिल्यावर तो सोडून दिला. भिंतीच्या तांबूस तपकिरी रंगात लोह ऑक्साइड असते आणि त्याचा परावर्तन-वक्र ५५० ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान एकदम चढतो. गुळाचा वक्र निळ्याकडून लालाकडे सावकाश, कुठेही धक्का न देता चढत जातो. डोळ्याला दोन्ही तपकिरीच, पण कॅमेऱ्यासाठी त्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि एकावर शिकवलेले गणित दुसऱ्याला लावणे हे १७ तारखेच्याच अडचणीला आमंत्रण आहे.

मग संदर्भनमुने काकवीचेच का करू नयेत, अशी कल्पना निघाली आणि ती या प्रकल्पातील आतापर्यंतची सर्वांत उपयोगी कल्पना ठरली आहे. जलरंगाच्या जाड, खरखरीत कागदाचे तुकडे पाण्यात कमीअधिक पातळ केलेल्या काकवीत बुडवून सावलीत वाळवले. फिकट छटांना एक हात, मध्यम छटांना अनेक हात आणि सर्वांत गडद छटांसाठी काकवीत थोडी करपवलेली साखर. कागद वाळल्यावर कडांना गोळा होणारा गडद पट्टा कापून टाकला आणि मधला एकसारखा भागच ठेवला. गुळाला रंग देणारे जे घटक, तेच या कागदांवर आहेत. त्यांचे वक्र गुळासारखेच सावकाश चढतात आणि पृष्ठभाग निस्तेज, मोजायला सोपा. मागून उजेड झिरपू नये म्हणून प्रत्येकाच्या खाली त्याच कागदाचे कोरे थर चिकटवले आहेत. हवेतील ओल लागू नये म्हणून सगळे तुकडे सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवायचे.

३० डिसेंबर २०२४

काकवीचे कागद स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून झाले. त्यांतील एक आड एक गणितासाठी वापरले आणि उरलेले केवळ पडताळणीसाठी ठेवले. रंगतक्ता आणि काकवीचे कागद एकत्र घेऊन, कागदांना अधिक वजन देऊन मॅट्रिक्स पुन्हा काढल्यावर पडताळणीच्या कागदांवरील सरासरी फरक एकच्या खाली आला. निळ्या चौकोनांवरचा फरक वाढला, आणि तो आम्ही जाणीवपूर्वक वाढू दिला. मूळ-बहुपदीने या पट्ट्यात फारसा अधिक लाभ होत नाही, म्हणून साधे ३×३ मॅट्रिक्सच कायम केले. ज्या गणितात कमी पदे, त्याच्यावर अनोळखी नमुना आला तरी अधिक भरवसा ठेवता येतो.

पांढरा मात्र पांढराच राहिला पाहिजे, अशी अट मॅट्रिक्सवर घातली आहे.

६ जानेवारी २०२५

आज लेन्समधील भटक्या उजेडाची चाचणी घेतली. आतून काळ्या केलेल्या डब्याला लहान भोक पाडले की त्यातून जवळपास काहीच प्रकाश परत येत नाही. हे भोक एकदा पांढऱ्या कागदाच्या मध्ये आणि एकदा काळ्या कापडाच्या मध्ये ठेवून चित्रे घेतली. दोन्हीत आकडा सारखा यायला हवा होता, परंतु पांढरा शेजार असताना तो वर जातो, कारण लेन्सच्या काचांमध्ये उजेड इकडेतिकडे परावर्तित होऊन काळ्या जागेवर पसरतो.

गुळाच्या बाबतीत हा पसरलेला उजेड लहान दिसला तरी निळ्या बाजूला जड पडतो. समजा पांढऱ्याच्या अर्ध्या टक्क्याएवढा रंगहीन उजेड सर्वत्र मिसळला. पांढऱ्या कागदावर तो जाणवणारही नाही. पण ज्या गुळाचे निळ्याशी संबंधित झेड मूल्य पांढऱ्याच्या १० टक्के आणि उजळपणाचे वाय मूल्य ३५ टक्के आहे, त्याचे बी मूल्य तेवढ्याने जवळपास ०.९ ने उतरते. गूळ आहे त्यापेक्षा कमी पिवळा दिसतो. म्हणून चौकटीत पांढरे काहीही मोठे असू नये, असे ठरवले. टेफ्लॉनची तबकडी लहान करून कोपऱ्यात ठेवली, बाकी सगळीकडे काळे कापड, आणि लेन्सभोवती खोल काळे हूड. निळ्या वाहिनीतील उरलेल्या गोंगाटाची काळजी नाही : १०० बाय १०० बिंदूंची सरासरी घेतली की तो शंभरपट कमी होतो. भटका उजेड सरासरीने कमी होत नाही, म्हणून त्याला मुळातच अडवावे लागते.

१३ जानेवारी २०२५

प्रत्यक्ष गुळाचे नमुने आज प्रथमच कॅमेऱ्याने आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकामागोमाग मोजले. कागदांवर उत्तम जुळणारी दोन साधने गुळावर जुळत नाहीत. प्रत्येक नमुना स्पेक्ट्रोफोटोमीटरला कॅमेऱ्यापेक्षा गडद आणि कमी पिवळा दिसतो, आणि फिकट, रवाळ गुळात हा फरक सर्वाधिक आहे. फरक सगळ्या नमुन्यांत एकाच दिशेने असल्यामुळे त्याचे कारण गोंगाट नसून दुसरे काही असले पाहिजे.

१५ जानेवारी २०२५

कारण गुळाच्या अर्धपारदर्शकतेत आहे. गुळावर पडलेला उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरत नाही. तो आत शिरतो, स्फटिकांवर आपटत बाजूला सरकतो आणि काही मिलिमीटर दूर बाहेर पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर एका लहान छिद्रातून पाहतो. छिद्रातून आत गेलेला जो उजेड छिद्राच्या बाहेरच्या बाजूला निघतो, तो त्याच्या हिशेबात येत नाही. पिवळा आणि लाल प्रकाश गुळात कमी शोषला जातो, म्हणून तोच अधिक दूर जातो आणि त्याचीच गळती अधिक होते. कॅमेऱ्याच्या पेटीत सगळा नमुना उजळलेला असतो. एका बिंदूतून बाजूला गेलेल्या उजेडाची भरपाई शेजारच्या बिंदूंकडून होत राहते.

हे तपासण्यासाठी दोन चाचण्या केल्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरचे मोठे छिद्र काढून लहान बसवले, तेव्हा गूळ आणखी गडद आला, तर काकवीचा कागद जागचा हलला नाही. मग कॅमेऱ्याखालच्या गुळावर मध्ये भोक असलेला काळा पातळ पत्रा ठेवला; भोक जसजसे लहान केले तसतसा कॅमेऱ्यालाही तोच गूळ गडद आणि मळकट दिसू लागला. दोन्ही साधने एकाच पदार्थाचे दोन वेगळ्या परिस्थितींतील रंग सांगत होती, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती.

त्यामुळे एक निर्णय घ्यावा लागला. गुळासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा यापुढे अंतिम मानायचा नाही. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन अपारदर्शक नमुन्यांवर करायचे, तेथे स्पेक्ट्रोफोटोमीटरच प्रमाण. आणि गुळाचा रंग रुंद उजेडात कॅमेऱ्याने मोजायचा, कारण बाजारात रव्याकडे पाहणारी नजरही रुंद उजेडातच पाहत असते. या दोन आकड्यांना जुळवण्यासाठी मॅट्रिक्समध्ये एखादा दुरुस्ती गुणक घुसवणे सोपे होते, पण तो गुणक प्रत्येक गुळाच्या रवाळपणानुसार वेगळा निघाला असता आणि मग आम्ही नक्की काय मोजत आहोत हेच कळेनासे झाले असते.

२० जानेवारी २०२५

उजेड आत शिरतो, तर खाली काय आहे याचाही परिणाम व्हायला हवा. एकाच रव्याचे वेगवेगळ्या जाडीचे काप आधी पांढऱ्या आणि मग काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून मोजले. पातळ कापात दोन्ही मूल्यांत मोठे अंतर पडते; जाडी वाढत गेली की अंतर कमी होत जाते आणि फिकट गुळातही सुमारे अडीच सेंटिमीटरच्या पुढे ते मापनाच्या चुकीत विरून जाते. नमुन्याची किमान जाडी ३ सेंटिमीटर आणि रुंदी तळहाताएवढी, असा नियम केला. कडेपासून दोन बोटे आतला भागच हिशेबात घ्यायचा, कारण कडेला उजेड बाजूने निसटतो.

पृष्ठभाग कसा तयार करायचा, हेही आज ठरले. रव्याच्या बाहेरच्या अंगावर साच्यातल्या कापडाची वीण उमटलेली असते आणि हवेतील ओल लागून तेथे रंग आधी गडद होतो. सुरीने कापले तर पृष्ठभाग चोळला जाऊन चकाकतो. बारीक तारेने ओढून कापलेला पृष्ठभाग सर्वांत सारखा येतो. कापल्यापासून दहा मिनिटांच्या आत चित्र घ्यायचे.

३ फेब्रुवारी २०२५

दैनंदिन स्थिरतेची नोंद. लेन्सचे छिद्र दर वेळी तंतोतंत तेवढेच बंद होत नाही, त्यामुळे लागोपाठच्या चित्रांतही उजेडाचा आकडा थोडा हलतो. प्रत्येक चौकटीत टेफ्लॉनची तबकडी असल्याने ही हालचाल भागाकारात निघून जाते. दिवे यूपीएसवर घेतल्यापासून व्होल्टेजची कुरकुर संपली आहे. खोली तापू लागली आहे, म्हणून झाकणबंद चित्रे आता सकाळी एकदा घेण्याऐवजी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला घेतो.

डब्यातील काकवीचे कागद पुन्हा इचलकरंजीला नेऊन मोजले. गडद कागद जागेवर आहेत. सर्वांत फिकट दोन कागद किंचित पिवळे पडले आहेत, ते गणितातून काढले आणि त्याच छटेचे नवे केले. हे कागद कायमचे प्रमाण नाहीत आणि दर दोन महिन्यांनी त्यांची फेरमोजणी करावी लागेल.

१७ फेब्रुवारी २०२५

भेंडीच्या रसाने मळी काढलेला आणि हायड्रॉस घातलेला, असे एकाच उसाच्या रसाचे दोन आधणांचे (काहिलीतल्या दोन खेपांचे) गूळ एका गुऱ्हाळमालकांनी आमच्यासाठी वेगळे करून दिले. मापन वरील नियमांनी केले. ताजेपणी हायड्रॉसचा गूळ अधिक उजळ आहे, यात शंका नाही. पण दोघांची रंगछटा, म्हणजे ए आणि बी यांच्यातील कोन, अपेक्षेपेक्षा जवळ आहे. फरक मुख्यतः उजळपणात आहे. अडत्याच्या नजरेला जे पिवळेपण म्हणून जाणवते त्याचा मोठा वाटा उजळपणाचा आहे, असा याचा अर्थ निघू शकतो. परंतु एका गुऱ्हाळाच्या दोन आधणांवरून तो काढणे घाईचे होईल.

प्रत्येक नमुन्यासाठी आता एकच आकडा न देता मधले मूल्य आणि पसारा दोन्ही नोंदवतो, कारण डागाळलेला रवा आणि एकसारखा रवा यांची सरासरी एकच येऊ शकते. प्रत्येक आकड्याच्या शेजारी प्रकाश डी ६५, निरीक्षक १० अंश, रचना ४५ अंश ते शून्य, पूर्ण उजळलेला पृष्ठभाग, नमुन्याची जाडी आणि कापण्याची रीत हे लिहिल्याशिवाय तो वहीत चढवायचा नाही.

दोन्ही आधणांचे उरलेले रवे अर्धे शीतगृहात आणि अर्धे उघड्या गोदामात ठेवले आहेत. पुढचे मापन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्याच्या कडाक्याआधी, आणि त्यानंतरचे पावसाळा लागल्यावर जूनअखेर होईल. तोवर काकवीच्या कागदांची फेरमोजणी आणि पेटीतील दोऱ्याची पातळी तपासून घ्यायची आहे.